‘मायसेल्फ’ला धनी कोण?

माझी बहीण कऱ्हाडकडच्या एका मराठी शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाली. माझी मुलगी पुण्यात नोकरीला नव्याने लागलेल्या पोरापोरींना इंग्रजी बोलायचं वळण लावते. दोघींचा विषय एकच, पण एकीचं लक्ष वहीवर आणि दुसरीचं तोंडावर. दिवाळीत दोघी समोरासमोर बसल्या आणि इंग्रजीतल्या ‘सेल्फ’वाल्या सर्वनामांवरून अशी काही जुंपली की पुढ्यातल्या चकल्या मऊ पडल्या. मी बँकेतला माणूस. जन्मभर ‘सेल्फ’चे चेक वटवले, एवढाच माझा या विषयाशी संबंध. जे ऐकलं ते थोडी काटछाट करून देतो. मध्येच कुठे कुणी तिसऱ्याने नाक खुपसलेलं दिसलं, तर तो मीच.

आत्या : तुझ्याकडे येणारी मुलं अजून ‘मायसेल्फ अमुक अमुक, फ्रॉम सोलापूर’ म्हणूनच उभी राहतात का गं?

लेक : राहतात की. आणि पहिल्या दिवशी मी त्यांना टोकत नाही.

आत्या : टोकत नाहीस? मग पगार कशाचा घेतेस?

लेक : तोंड उघडल्याचा. जो मुलगा चार वर्षं कॉलेजात मागच्या बाकावर गप्प बसला, तो पहिल्यांदा चारचौघांत इंग्रजी बोलतोय. पहिल्याच शब्दाला अडवला तर दुसरा शब्द निघत नाही आत्या.

आत्या : निघेल. चुकीचा निघण्यापेक्षा उशिरा निघालेला बरा. अगं, साधा नियम आहे. क्रिया करणारा आणि जिच्यावर क्रिया होते ती व्यक्ती एकच असली, की ‘सेल्फ’ लावायचं. ‘आय कट मायसेल्फ’. विळीवर माझंच बोट माझ्या हातून कापलं. वाक्यात आधी ‘आय’ आहे, म्हणून मागून ‘मायसेल्फ’ला यायला तोंड आहे. त्याला धनी लागतो. तुझ्या पोरांच्या वाक्यात धनीच नाही, नुसता ‘मायसेल्फ’ येऊन उभा!

लेक : हे रेन आणि मार्टिन बोलतायत.

आत्या : बोलू देत. त्यांच्या व्याकरणाच्या पुस्तकाने तुझ्या बापाला बँकेत चिकटवलं.

(हे खरं आहे. त्यातले पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते आणि पुढे १९२४ साली त्यांनी फ्रेंच परदेशी पलटणीवर ‘बो जेस्ट’ नावाची गाजलेली कादंबरी लिहिली, हे मला बरंच उशिरा कळलं. ज्या माणसाने आम्हाला कर्ता-कर्म घोटायला लावलं तो वाळवंटातल्या साहसकथा लिहीत होता, याची मला अजून गंमत वाटते.)

आत्या : आणि हा नियम नुसता शिस्तीचा नाही, अर्थाचा आहे. ‘रवी सॉ हिमसेल्फ इन द मिरर’ म्हटलं तर रवीला रवी दिसला. ‘रवी सॉ हिम इन द मिरर’ म्हटलं तर आरशात कुणी दुसराच आहे. एका ‘सेल्फ’ने माणूस बदलतो. म्हणून मी वहीत त्याला माफी देत नसे.

लेक : ‘हिम’च्या बाबतीत मान्य. जगात ‘तो’ पुष्कळ असतात, कुठला ते सांगावं लागतं. पण ‘मी’ एकच असतो ना? ‘मायसेल्फ’ म्हटलं काय, ‘मी’ म्हटलं काय, ऐकणाऱ्याचा गोंधळ होतच नाही. म्हणूनच सगळ्या सेल्फवाल्यांमध्ये हाच जास्त भटकतो. इंग्रजांच्या तोंडीसुद्धा.

आत्या : भटकतो म्हणजे चुकतो.

लेक : थांब. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हे शब्द या कामाला नव्हतेच. ‘त्याने त्याला मारलं’ एवढंच म्हणायचे. स्वतःला की दुसऱ्याला, ते प्रसंगावरून ओळखायचं. ‘सेल्फ’ होता, पण तो नुसता जोर द्यायला. आपण ‘खुद्द’ म्हणतो ना, तसा. तो जोराचा शब्द सर्वनामाला चिकटत चिकटत पुढे तुझा नियम तयार झाला. म्हणजे जोर आधी, नियम मागून. मग ‘मायसेल्फ’ जोरासाठी वापरणारा माणूस भाषेच्या जुन्या घरातच राहतोय की नाही?

आत्या : जुन्या घरात राहायचं तर जुन्या इंग्रजीतच मुलाखत द्या म्हणावं.

इथे मला हसू आलं आणि दोघींनीही माझ्याकडे रागाने पाहिलं.

लेक : बरं, तुझा नियम तरी एकसारखा आहे का? ‘मायसेल्फ’, ‘युअरसेल्फ’ यांत पुढचा शब्द ‘माझं’, ‘तुझं’. मग ‘हिमसेल्फ’मध्ये ‘त्याला’ का? ‘हिजसेल्फ’ का नाही? ‘देअरसेल्व्ह्ज’ का नाही?

आत्या : दरवर्षी आठवीत निदान एक तरी ‘हिजसेल्फ’ लिहायचा. अर्धा मार्क जायचा.

लेक : त्या पोराचं गणित तुझ्या व्याकरणापेक्षा पक्कं होतं! इंग्लंड-अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतही ‘हिजसेल्फ’ म्हणतात.

आत्या : खेड्यापाड्यांत म्हणतात, पेपर तपासणारा म्हणत नाही. माझ्या मुलांना पेपर तपासणाऱ्याशी गाठ होती. पण एक सांगते, त्या शब्दांत मला एक फार आवडायचं. इंग्रजीत तू, तुम्ही, आपण, सगळ्यांना एकच ‘यू’. साहेबाला तेच, शिपायाला तेच, एकाला तेच, पन्नासांना तेच. पण ‘सेल्फ’ लागला की भेद बाहेर पडतो. एका पोराला दटावताना ‘बिहेव युअरसेल्फ’, अख्ख्या वर्गाला दटावताना ‘बिहेव युअरसेल्व्ह्ज’. बाकी इंग्रजीने पुसून टाकलेलं अनेकवचन या एका कोपऱ्यात शिल्लक आहे.

लेक : हे मात्र मी माझ्या वर्गात सांगणार.

आत्या : सांग. आणि क्रियापदंही सांग. तिथे खरी मारामार आहे. आपण म्हणतो अंघोळ केली, दाढी केली, कपडे घातले. इंग्रजीत ‘ही शेव्ह्ड’, ‘शी ड्रेस्ड’ एवढ्यावर भागतं, ‘सेल्फ’ची गरज नाही. माझी हुशार मुलं नियम पाठ करून ‘ही शेव्ह्ड हिमसेल्फ’ लिहायची.

लेक : ते चूक नाही.

आत्या : चूक नाही, पण मग त्यात काहीतरी विशेष हवं. तुझ्या आजीचा हात मोडला होता तेव्हाचं आठव. प्लॅस्टर निघाल्यावर तिने पहिल्यांदा आपलं लुगडं आपण नेसलं, त्या दिवशी ‘शी ड्रेस्ड हरसेल्फ’ म्हणायला अर्थ आहे. रोजच्या माणसाला नाही. उलट काही क्रियापदांना ‘सेल्फ’शिवाय पान हलत नाही. ‘एन्जॉय’ घे. सहलीवरच्या प्रत्येक निबंधाचा शेवट ठरलेला, ‘वी एन्जॉइड अ लॉट’. अरे, काय एन्जॉय केलंत? सहल केलीत तर सहल लिहा, नाहीतर ‘अवरसेल्व्ह्ज’ लिहा!

लेक : आता तर इंग्रज-अमेरिकन वेटरसुद्धा ताटली ठेवताना नुसतं ‘एन्जॉय’ म्हणतो.

आत्या : त्याला घाई असते.

इथे मला राहवलं नाही. आमच्या बँकेची परिपत्रकं इंग्रजीत येत आणि त्यांत ‘अव्हेल’ हे क्रियापद दर दोन ओळींनी असे. रजा अव्हेल करा, सवलत अव्हेल करा, प्रवासभत्ता अव्हेल करा. मूळ इंग्रजी रीतीप्रमाणे तिथे ‘अव्हेल वनसेल्फ ऑफ’ असं लांबलचक प्रकरण लागतं, हे मला बहिणीने त्या दिवशी सांगितलं. मी म्हटलं, त्या सेल्फ नसलेल्या इंग्रजीने देशभर लाखो रजा मंजूर झाल्या, एकीचंही अडलं नाही. मुलगी खूश झाली. बहीण म्हणाली, “दादा, रजा मंजूर होते ती शिल्लक रजेवर, व्याकरणावर नाही.”

लेक : आत्या, तुझ्या धन्याच्या नियमाला मी आता अडवते. ‘पाऊस होता म्हणून मी छत्री बरोबर घेतली.’ सांग इंग्रजीत.

आत्या : ‘आय टुक ॲन अंब्रेला विथ मी.’

लेक : ‘विथ मायसेल्फ’ का नाही? वाक्यात ‘आय’ आहे. घेणारी तू, बरोबर असणारी तू. धनी हजर आहे!

आत्या : ती जागेची अव्ययं. ‘विथ मी’, ‘बिहाइंड हर’, ‘अराउंड हिम’. कुठे, कुणीकडे एवढंच सांगायचं असतं तिथे साधं सर्वनाम पुरतं.

लेक : म्हणजे धनी असूनही ‘सेल्फ’ येत नाही. आणि ‘पीपल लाइक मायसेल्फ’ म्हणतात तिथे धनी नसूनही येतो, आणि चांगले चांगले लिहिणारे बिनदिक्कत लिहितात. मग तो नियम राहिला कुठे?

आत्या : नियमाला अपवाद असतात म्हणून नियम मरत नाही. तुमच्या त्या भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कींनी १९८१ साली याच धन्याच्या प्रश्नावर मोठा सिद्धान्त मांडला, मागे तूच सांगितलंस. ‘सर टोल्ड रमेश टु इंट्रोड्यूस हिमसेल्फ’ यात ओळख करून देणारा रमेश. ‘सर प्रॉमिस्ड रमेश टु इंट्रोड्यूस हिमसेल्फ’ यात ओळख करून देणार सर. शब्द तेच, एक क्रियापद बदललं आणि धनी बदलला. आणि शाळेत न गेलेल्या इंग्रज माणसालाही हे बरोबर कळतं. नियम पुस्तकात नाही बाई, कानात आहे.

लेक : त्यांच्या कानात आहे. आपल्या कानात दुसरा आहे. मराठीत म्हण, ‘रमाला वाटतं, सुमन आपल्याला हसते.’ हसते कुणाला?

आत्या : रमाला. नाहीतर मग तुला-मला, सगळ्यांनाच.

लेक : सुमनला स्वतःला नाही, बरोबर? आपलं ‘आपण’ पोटवाक्याची वेस ओलांडून लांबच्या धन्यापाशी जातं. इंग्रजी ‘हरसेल्फ’ला ती वेस ओलांडता येत नाही. ‘रमा थिंक्स सुमन इज लाफिंग ॲट हरसेल्फ’ म्हटलं की सुमन सुमनलाच हसते. माझ्याकडची मुलं इथे घसरतात, कारण त्यांच्या कानात मराठी वाजत असते. त्यांना अडाणी म्हणून कसं चालेल? त्यांना एक नियम येतो, फक्त तो दुसऱ्या भाषेचा आहे.

बहीण यावर थोडी थांबली. तिला हे पटलं असावं, कारण तिने एकदम बाजू बदलून मराठीकडे मोर्चा वळवला.

आत्या : मग तुम्ही पुण्याकडची मंडळी मराठीतला नियम तरी कुठे पाळता? ‘तिने तिच्या आईला फोन केला.’ कुणाच्या आईला? स्वतःच्या असेल तर ‘आपल्या आईला’ म्हणा की. इंग्रजी बिचारीकडे तो शब्द नाही. ‘शी कॉल्ड हर मदर’ म्हटलं की आई हिची का तिची, कळायला मार्ग नाही. ‘हर ओन’ म्हणून ठिगळ लावावं लागतं. आपल्या घरात ‘आपला’ असताना तुम्ही इंग्रजीची गरिबी उसनी आणताय!

लेक : हे मी कबूल करते. पण ‘मी आपला गप्प बसलो’ हे मात्र अजून सगळे म्हणतात हां. त्या ‘आपला’चं इंग्रजी करून दाखव.

आत्या : होत नाही ते. सोडून दे.

(मीही आपला गप्प बसलो होतो. मनात मात्र चेक आणि गाड्या फिरत होत्या. आपण मराठी माणसांनी या शब्दाचं मागचं शेपूटच तेवढं उचललं. चेक सेल्फचा, फॉर्मवर नातं सेल्फ, आणि थंडीत गाडीचा सेल्फ लागत नाही म्हणून ढकलायची. त्या सेल्फला ‘माय’ लागत नाही की ‘हिम’.)

लेक : आता माझं खरं दुखणं ऐक. आमच्याकडे वरच्या लोकांच्या मेल येतात. बाहेर शिकलेले, टाय लावणारे. शेवटी लिहितात, ‘प्लीज कॉन्टॅक्ट मिस्टर देसाई ऑर मायसेल्फ’. सांग, धनी कुठे आहे?

आत्या : कुठेच नाही. ‘ऑर मी’ हवं.

लेक : मग सोलापूरच्या पोराची आणि यांची चूक एकच ना? दोघांच्याही ‘मायसेल्फ’ला धनी नाही. पण एकाला कँटीनमध्ये हसतात, दुसऱ्याच्या खाली सही असते आणि त्याला भारदस्त म्हणतात. इंग्रजांचं तर याहून मजेशीर. लहानपणी तिकडची मुलं ‘मी अँड जॉन वेंट’ म्हणतात आणि त्याबद्दल ओरडा खातात. त्यातून ‘मी’ हा शब्दच गावंढळ, अशी धास्ती बसते. मोठेपणी ‘आय’ म्हणावं की ‘मी’, असा पेच आला की दोन्ही टाळून ‘मायसेल्फ’च्या आडोशाला जातात. व्याकरणवाले यावर कधीचे डाफरतायत. वेबस्टरवाल्यांनी १९८९ साली इंग्रजी वापराचा कोश काढला, त्यात दाखवून दिलं की शतकानुशतकं नामवंत लेखकही हेच करत आले आहेत.

आत्या : लेखक करतील. लेखकांना कोण मार्क देतं?

लेक : आणि आयर्लंडमध्ये दारावर येऊन विचारतात, ‘इज हिमसेल्फ इन?’ म्हणजे घरचे मालक आहेत का! कर्त्याच्या जागी उघडा ‘हिमसेल्फ’. त्यांच्या आयरिश भाषेच्या वळणाने आलाय, जसा आपला मराठीच्या वळणाने. त्याचं लोकांना कौतुक वाटतं. शेक्सपिअरचा मॅकबेथ मेजवानीत पाहुण्यांशी बोलताना स्वतःला ‘अवरसेल्फ’ म्हणतो, तेही थेट कर्त्याच्या जागी. राजा म्हणाला की रुबाब, आयरिश म्हणाला की गोडवा आणि ‘मायसेल्फ रमेश’ म्हटलं की विनोदी व्हिडिओ. हा व्याकरणाचा प्रश्न नाहीच. कोण बोललं, याचा आहे.

आत्या : बरोबर बोललीस. पण आता माझंही पुरतं ऐक. मॅकबेथला कुठे मुलाखत द्यायची होती? तो आयरिश माणूस शेजाऱ्याच्या दारात उभा आहे, नोकरीच्या नाही. आपला रमेश समोरच्या तिघांपुढे बसतो आणि त्यांचं मत त्याच्या पहिल्या शब्दावर होतं. ते मत अन्यायाचं असेल, पण होतं. तू त्या तिघांना बदलेपर्यंत रमेशची पस्तिशी उलटेल. ‘आय ॲम रमेश पाटील.’ एवढं शिकवायला किती वेळ लागतो? तुला त्याची दया येते म्हणून तू टोकत नाहीस, आणि तो ठेच दुसरीकडे खातो. तिथे त्याला कुणी चूक सांगतसुद्धा नाही, नुसतं ‘कळवतो’ म्हणतात.

मुलगी गप्प झाली. मला विचाराल तर वादातला सगळ्यात वजनदार मुद्दा हाच होता, आणि तो व्याकरणाचा नव्हता.

लेक : पहिल्या दिवशी टोकत नाही म्हटलं, कधीच टोकत नाही असं नाही म्हटलं.

आत्या : मग ठीक आहे. कितव्या दिवशी ते तू ठरव.

लेक : पण ही मुलं ‘मायसेल्फ’नेच का सुरुवात करतात, यावर मी बराच विचार केलाय. मराठीत ‘मी रमेश’ म्हटलं की झालं. ‘आहे’ लागतच नाही. तेच इंग्रजीत करायला जावं तर ‘आय रमेश’ कानाला तुटकं लागतं. ‘मायसेल्फ रमेश’ भरल्यासारखं वाटतं. शिवाय उघडं ‘आय’ म्हणायला जरा संकोच वाटतो, मीपणा केल्यासारखा. ‘मायसेल्फ’मध्ये थोडी अदब आहे.

आत्या : अदब-बिदब काही नाही. मी सांगते कुठून आलं. पहिली-दुसरीच्या वहीत पहिला इंग्रजी निबंध कुठला असतो? वर मोठ्या अक्षरांत शीर्षक, ‘मायसेल्फ’. खाली दहा ओळी. ‘माय नेम इज’पासून सुरू. पोरगं स्नेहसंमेलनात उभं राहतं तेव्हा शीर्षकासकट म्हणतं. ‘मायसेल्फ. माय नेम इज रमेश.’ वाढत्या वयात मधले तीन शब्द गळतात. उरतं काय?

लेक : ‘मायसेल्फ रमेश’!

आत्या : तेच. निबंधाचं शीर्षक तोंडात राहून गेलं. आणि ते शीर्षक फळ्यावर कुणी लिहिलं? आम्ही. मग त्या पोराला हसायचा अधिकार आम्हाला नाही आणि त्या मुलाखत घेणाऱ्या तिघांनाही नाही, कारण त्यांच्याही वहीत तेच शीर्षक होतं.

खरी व्युत्पत्ती तीच आहे का, हे मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. पण माझ्या नातवाच्या वहीत मी तेवढ्यात जाऊन पाहून आलो. पहिल्या पानावर लाल शाईत अधोरेखित केलेला ‘मायसेल्फ’ होता.

त्यानंतर दोघींचं एका गोष्टीवर एकमत झालं आणि ती गोष्ट माझ्यावर सोपवण्यात आली, म्हणून इथे लिहितो. मोठ्या मुलांना शिकवणाऱ्यांनी ‘मायसेल्फ’ची पहिली ओळख ‘आय हर्ट मायसेल्फ’, ‘आय टॉट मायसेल्फ’, ‘आय डिड इट मायसेल्फ’ अशा धनी असलेल्या वाक्यांतून करून द्यावी. तो एकटा शब्द म्हणून शिकवू नये. टाय लावणाऱ्यांच्या मेलमधला ‘ऑर मायसेल्फ’ही तितक्याच लाल शाईने कापावा. आणि पहिली-दुसरीच्या शिक्षकांना विनंती आहे की येत्या जूनपासून त्या निबंधाचं शीर्षक बदलावं. ‘अबाउट मी’ चालेल.